चर क्रमांक तीन

गड फारसा उंच नाही.
यावलहून निघालं की केळीच्या बागा जिथे संपतात
तिथे सातपुडा सुरू होतो, आणि त्याच्या पहिल्याच पायरीवर
हा बसलाय, गुडघे पोटाशी घेऊन.
नाव विचारलं तर खालचे लोक म्हणतात, गड.
दुसरं नाव कशाला? दुसरा गड कुठे आहे इथे?

माझ्याकडे वही, दोरी, खुंट्या, ओळंबा
आणि खात्याने दिलेले एकवीस दिवस.
पहिले सहा तर गवत कापण्यातच गेले.
रात्री दिव्याखाली मोज्यांतली कुसळं वेचली,
तेवढंच काय ते उत्खनन.

दरवाजा वळणाचा. आत शिरणाऱ्याला
उजवी बाजू, ढाल नसलेली, बुरुजाकडे द्यावी लागते.
मी रोज सकाळी पाण्याची बाटली घेऊन तशीच वळते
आणि रोज माझा उजवा खांदा
थोडा आकसतो.

मशिदीला छत नाही. मिहराब आहे,
त्याच्या कमानीत आग्या मोहोळ.
थोडं अंतर राखून नथ्थू तडवी, खात्याचा पहारेकरी,
चटई टाकतो. नमाज झाली की डबा उघडतो,
कळण्याची भाकरी अर्धी मोडून माझ्यापुढे करतो.
"आमची माणसं इथली राखणदार," म्हणतो,
"पगार तेव्हापासूनचा थकलाय, मॅडम."

'फारुकी काळातला' असं मी लिहिलंय,
आणि पुढे 'असावा'.
आमच्या कामात हा एक शब्द काढला
तर उभी भिंतसुद्धा खाली येते.

चाळणीवर सुपडाबाई.
तिच्या हाताखालून सहा शतकं गेली
आणि वर राहिलं ते एवढंच:
नखाएवढी निळ्या झिलईची खापरं,
जळालेली ज्वारी, अर्धा नाल,
अक्षरं झिजलेला तांब्याचा पैसा
जो तिने दाताखाली धरून पाहिला आणि मग मला दिला.
राजाचं काहीच नाही.
नाव असं कसं पडलं, मी विचारलं.
"मन्ही मायना चार पोरं गयात. पाचवी मी.
माले सुपमा टाकं, शेजारीनकडथून पावलीले इकत लिधं.
म्हनीसनी उरनू."
आणि पुन्हा चाळायला लागली.

चौदाव्या दिवशी, चर क्रमांक तीन,
देवडीची फरशी लागली.
ब्रशने धूळ सारली तर दगडात रेषा:
एकात एक तीन चौकोन, मधोमध जोडलेले.
मी ओणवी. शिलालेख? नकाशा? यंत्र?
मागून नथ्थू खदखदून हसला.
"नवकाकरी आहे ही! पहारा म्हणजे काय वाटलं तुम्हाला?"

म्हणजे हा गड राखला जात होता तेव्हा
कुणीतरी खिळ्याने, किंवा भाल्याच्या मागच्या टोकाने,
कंटाळा कोरत बसला होता. रात्रीच्या रात्री.
शत्रू येत नव्हता. उजाडत नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत दोघं समोरासमोर बसली.
त्याने खडे घेतले,
तिने चाळणीतली टाकाऊ खापरं, क्रमांक न घातलेली.
मी नियम क्रमांक अकरा तोंडापर्यंत आणला
आणि ताकाबरोबर गिळला.
तीन एका रेषेत आले की समोरच्याचा एक मेला.
सुपडाबाईने पाच मारले.
नथ्थू प्रत्येक वेळी अल्लाची शपथ घेऊन सांगायचा
की हे आपण मुद्दाम केलं.

अहवालात लिहिलं: 'फरशीवर रेषा. उपयोग अनिश्चित.'
का तसं लिहिलं, मला नीट सांगता येणार नाही.

एकविसाव्या दिवशी प्लास्टिक अंथरून माती परत लोटली.
फोटो झाले होते, मापं झाली होती,
पण डाव उरला होता. कुणी सोंगट्या उचलल्या नाहीत.
मीही नाही.

पुढे कधीतरी कुणी खणेल,
एकाच थरात खडे आणि खापरं पाहून
डोकं खाजवेल, वहीत 'असावा' लिहील.
त्याच्यासाठी एवढंच:
पाळी सुपडाबाईची होती.